वाग्यूचे शंभर ग्रॅम: ओळखावे कसे, कुठे खावेत आणि भाजावेत कसे

जपानमधल्या कोबेत तेप्पान्याकीच्या, म्हणजे समोरच्या लोखंडी तव्यावर भाजून देणाऱ्या, काउंटरवर बसलं की आचारी आधी वाग्यूचा, म्हणजे खास जपानी जातींच्या गोमांसाचा, कच्चा तुकडा ताटलीत घालून दाखवतो. लाल रंग कमी, गुलाबीसर पांढरा जास्त. चरबीच्या केसाएवढ्या रेघा इतक्या दाट की मांसात चरबी आहे की चरबीत मांस, असा प्रश्न पडावा. या जाळीला जपानीत ‘शिमोफुरी’ म्हणतात. शिमो म्हणजे गोठलेलं दव.

पहिल्यांदा जाणाऱ्याची चूक इथेच होते. एरवी स्टेक मागवतो तसा तीनशे ग्रॅमचा तुकडा मागवला जातो, पहिले चार घास स्वर्ग वाटतात आणि दहाव्या घासाला तोंड मिटतं. वाग्यू हे चरबीचं खाणं आहे, मांस त्या चरबीला धरून ठेवायला असतं. बासुंदी कुणी तांब्याभर पीत नाही. वाग्यूचंही तेच: माणशी ८० ते १२० ग्रॅम पुरे, १५० म्हणजे चैन. हे एकदा मनात पक्कं केलं की निवड, खर्च आणि शिजवणं, तिन्ही सोपं होतं.

नावातली गल्लत

‘वा’ म्हणजे जपानी आणि ‘ग्यू’ म्हणजे गोवंश. पण जपानमध्ये वाढलेलं प्रत्येक जनावर वाग्यू नव्हे. कायद्याने चारच जाती वाग्यू ठरतात (आणि त्यांचे आपसातले संकर): काळी कुरोगे, तांबडी अकागे, ईशान्येकडची निहोन तान्काकु आणि बिनशिंगांची मुकाकु. दुकानात दिसणारं जवळजवळ सगळं वाग्यू काळ्या जातीचं असतं. तांबडी मुख्यतः कुमामोतो आणि कोचीत, तान्काकु इवातेकडे. मुकाकु यामागुचीत अगदी थोडी उरली आहे.

पाकिटावर ‘कोकुसान-ग्यू’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘देशात वाढलेलं’ एवढाच. ते दुधाच्या होल्स्टीन जातीचं किंवा होल्स्टीन आणि काळ्या वाग्यूच्या संकराचंही असू शकतं. वाईट नसतं, पण किंमत वाग्यूची मोजू नका. तिसरा प्रकार ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन वाग्यूचा. १९७० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत काही जनावरं जपानबाहेर गेली, त्यांचा हा वंश. तिथे बऱ्याचदा अँगससारख्या जातींशी संकर होतो, त्यामुळे जाळी विरळ आणि मांसाची चव ठळक असते. सिंगापूर-दुबईत मेनूवर नुसतं ‘वाग्यू’ असेल तर कुठल्या देशातलं ते विचारा. ‘वाग्यू बर्गर’ आणि ‘कोबे बर्गर’ या पाट्यांवर मात्र वेळ घालवू नका. खिमा केल्यावर जाळीचा उपयोग काय?

चरबी आत शिरते कशी

बिअर, मालिश आणि संगीत या तीन गोष्टी पर्यटकांना हमखास ऐकवल्या जातात. मिए प्रांतातल्या मात्सुसाकाकडे उन्हाळ्यात जनावराची भूक मंदावली की बिअर पाजायची रीत होती, अंगाला खरारा करण्याचीही. पण चरबीची जाळी त्यामुळे येत नाही. ती वंशातून आणि खुराकातून येते.

कोबे ज्या प्रांतात आहे त्या ह्योगोच्या उत्तरेकडच्या डोंगराळ ताजिमा भागात ही जनावरं भातखाचरात औताला जुंपली जात. दऱ्याखोऱ्यांमुळे बाहेरचं रक्त फारसं मिसळलं नाही. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) युरोपीय जातींशी संकराचे प्रयोग झाले, आकार वाढला, पण मांस बिघडलं. मग पुन्हा जुन्या शुद्ध ओळी शोधायची पाळी आली. त्या शोधात सापडलेल्या ताजिमा ओळीत १९३९ साली ‘ताजिरी’ नावाचा वळू जन्मला. आज देशभरातल्या काळ्या वाग्यूच्या जवळपास सगळ्या प्रजननाच्या गाई त्याच्या वंशातल्या आहेत.

खुराकाचं गणित असं. वासरू साधारण नऊ-दहा महिन्यांचं झालं की लिलावात विकलं जातं आणि पोसणारा शेतकरी ते पुढे वीसेक महिने गोठ्यात वाढवतो. मका, जव, कोंडा, सोयाबीनची पेंड असा भरड खुराक आणि जोडीला भाताचा पेंढा. हिरवा चारा मुद्दाम तोडतात, कारण त्यातल्या कॅरोटीनपासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होतं, आणि वाढीच्या मधल्या टप्प्यात ते कमी असलं तर स्नायूंच्या आत चरबीच्या पेशी जास्त भरतात. शिवाय कॅरोटीनने चरबी पिवळी पडते आणि प्रतवारीत मार बसतो. ही कसरत हुकली की जनावराची भूक मरते, सांधे सुजतात, दृष्टी जाते. महाग मांसाची ही बाजू माहितीपत्रकात छापलेली नसते.

चवीचं मर्म चरबीच्या जातीत आहे. वाग्यूच्या चरबीत ओलेइक आम्लाचं प्रमाण जास्त, म्हणून ती लवकर वितळते. कच्चा तुकडा बोटांत मिनिटभर धरला तरी बोटं तेलकट होतात. तोत्तोरी प्रांताने तर ‘ओलेइन ५५’ असा ब्रँडच काढला आहे, ओलेइक आम्ल किमान ५५ टक्के असलेल्या मांसाचा. दुसरी गोष्ट वासाची. ‘वाग्यूको’ म्हणून ओळखला जाणारा गोडसर, थोडा नारळाकडे झुकणारा वास साधारण ८० अंश सेल्सिअसला सर्वाधिक खुलतो. सुकियाकी (गोडसर रसात शिजवलेले) आणि शाबू-शाबू (गरम पाण्यात डुलवलेले) हे पातळ कापांचे प्रकार वाग्यूला इतके शोभतात त्याचं हे एक कारण.

ए-५ वर किती भाळायचं

प्रतवारी जपान मीट ग्रेडिंग असोसिएशन करते. सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये धड कापून तो छेद पाहतात. अक्षर आणि आकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

अक्षर म्हणजे उतारा. धडातून विकण्याजोगं मांस ७२ टक्के आणि वर निघालं तर ‘ए’, ६९ ते ७२ मध्ये ‘बी’, त्याखाली ‘सी’. हा खाटकाच्या हिशोबाचा भाग आहे. तुमच्या ताटात आलेला बी-५ आणि ए-५ चवीला सारखाच.

आकडा म्हणजे दर्जा, १ ते ५. तो चार गोष्टींवर ठरतो: चरबीची जाळी, मांसाचा रंग व तजेला, घट्टपणा व पोत, आणि चरबीचा रंग व तजेला. चारपैकी सर्वांत कमी गुण ज्यात, तोच अंतिम. जाळीसाठी वेगळी पट्टी आहे, बीएमएस, १ ते १२. त्यातले ८ ते १२ सगळे ‘५’ मध्ये जातात, ५ ते ७ म्हणजे ‘४’, आणि ३-४ म्हणजे ‘३’.

म्हणजे बीएमएस ८ आणि बीएमएस १२, दोन्हींवर ए-५ ची एकच पाटी. एक खाऊन आणखी घ्यावंसं वाटेल, दुसऱ्याचे चार तुकडे पुरतील. ए-५ आता दुर्मीळही राहिलेलं नाही, पोसणारे सगळे त्याच्याच मागे असतात. चांगल्या दुकानात बीएमएस आकडा विचारला तर सांगतात. स्टेकसाठी ६ ते ९ मधलं घ्यावं, १०-१२ फक्त पातळ कापांसाठी किंवा दोन-तीन घासांच्या चवीसाठी. ए-४ ला नाक मुरडू नका. भारतीय पोटाला बहुधा तेच जास्त मानवतं.

दहा आकडे

जपानमध्ये २००१ साली बीएसई (‘मॅड काऊ’) रोगाचं जनावर सापडलं आणि अनेकांनी गोमांस खाणंच थांबवलं. त्यातून २००३ मध्ये कायदा झाला: जन्मलेल्या प्रत्येक वासराच्या कानात दहा आकडी नंबराचा बिल्ला, आणि तो नंबर विक्रीपर्यंत मांसाबरोबर. सुपरमार्केटच्या पाकिटावर तो छापलेला असतो. याकिनिकु (निखाऱ्यावरच्या तारेच्या जाळीवर स्वतः भाजायचे काप), सुकियाकी, शाबू-शाबू आणि स्टेक हे मुख्य पदार्थ असलेल्या हॉटेलांनाही तो दाखवावा लागतो. बहुधा दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेला सापडतो.

पडताळणी अशी करा:

१. नॅशनल लाइव्हस्टॉक ब्रीडिंग सेंटरच्या संकेतस्थळावर शोधाचं पान उघडा. ते फुकट आहे, फोनवर चालतं.
२. दहा आकडे टाका. काही वेळा नंबराऐवजी लॉट नंबर असतो. तेव्हा दुकानदाराकडे त्या लॉटमधल्या जनावरांचे नंबर मागा.
३. जन्मतारीख, लिंग, आईचा नंबर, जात, कोणत्या प्रांतात कधी हलवलं आणि कत्तलीची तारीख दिसेल.
४. जातीच्या रकान्यात ‘कुरोगे वाग्यू’ शी जुळणारी नोंद आहे का पाहा, आणि जन्म ते कत्तल किती महिने झाले ते मोजा.

समजा, नोंदीत जन्म मियाझाकीत, दहाव्या महिन्यात मिए प्रांतात रवानगी, कत्तल एकतिसाव्या महिन्यात. मियाझाकीतलं वासरू मिएत आलं तर ते मात्सुसाका कसं, असं वाटेल. पण यात लबाडी नाही. ज्या प्रांतात जनावर सर्वाधिक काळ राहिलं, तोच त्याचा प्रांत असा नियम आहे. वय मात्र बघावं. २४-२५ महिन्यांचं वाग्यू घाईने विकलेलं असतं. तीस महिन्यांच्या पुढचं, त्यातही मादी, वासाला सरस.

नंबर कुठे सापडणार नाही तेही माहीत हवं. खिमा, किरकोळ तुकड्यांची पाकिटं, जीभ, कलेजी, हारामी (श्वासपटलाचं मांस) यांना तो लागू नाही. आयात मांसालाही नसतो. स्टेकच्या तुकड्यावर नंबर नाही आणि पाटी वाग्यूची, तर पुढच्या दुकानात जा.

कुठल्या गावी काय

जपानमध्ये वाग्यूचे ब्रँड दोनशेहून अधिक. सगळे पाठ करण्यात अर्थ नाही. एका प्रवासात दोन गावं पुरे, आणि दोन्हीकडे वेगळा प्रकार खावा.

*कोबे.* नियम सर्वांत कडक इथे. जनावर ताजिमा वंशाचंच, ह्योगोत जन्मलेलं, ह्योगोत वाढलेलं आणि तिथल्याच ठरावीक केंद्रांत कापलेलं. न व्यालेली मादी किंवा खच्ची केलेला नर. बीएमएस ६ किंवा वर, उतारा ए किंवा बी, आणि धडाचं वजन ४९९.९ किलोच्या आत. वजनाची मर्यादा का? ताजिमा मुळात चणीने लहान, फार वाढवलं की रेषा जाड होतात. कसोटीला उतरलेल्या धडावर नोजिगिकु या शेवंतीसारख्या फुलाचा शिक्का बसतो. ही व्यवस्था पाहणारी संस्था १९८३ साली स्थापन झाली. परदेशी निर्यात तर २०१२ पर्यंत नव्हतीच, म्हणजे त्याआधी जगभर ‘कोबे’ म्हणून खपलेलं सगळं दुसरंच काही होतं.

शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेनने) शिन-कोबेला उतरा, तिथून भुयारी रेल्वेने एकच स्थानक, सान्नोमिया. खाण्याची दुकानं तिथे आणि वरच्या कितानो भागात दाटलेली. मोरिया १८८५ पासूनची आहे. लोखंडी तव्यावर समोर भाजून देणारी तेप्पान्याकी स्टेकची पद्धत १९४५ मध्ये कोबेच्याच मिसोनोने सुरू केली असं मानलं जातं. मान्यताप्राप्त दुकानात कांस्याचा छोटा बैल ठेवलेला असतो. एक सावधगिरी: एकाच दुकानात ‘कोबे’ आणि नुसतं ‘कुरोगे वाग्यू’ असे दोन दर असतात. दारावरचा स्वस्त आकडा बहुधा दुसऱ्याचा. ऑर्डर देताना बोट ठेवून ‘कोबे-ग्यू’ म्हणा.

*मात्सुसाका.* मिए प्रांत, नागोयाहून किंतेत्सुच्या जलद गाडीने तासा-सव्वा तासावर. इथे फक्त न व्यालेली मादी. जाळीची किमान अट नाही, हे फार कुणाला ठाऊक नसतं. खरी मौज ‘तोकुसान’ मध्ये: ह्योगोतून आणलेली वासरं, मात्सुसाकात ९०० दिवसांहून जास्त पोसलेली. चरबी पातळ, गोड, जिभेवर टिकत नाही. १८७८ पासूनचं वादाकिन हे सुकियाकीसाठी नावाजलेलं दुकान. खोलीत निखाऱ्यावर वाढपी बाई स्वतः शिजवून देतात, त्यामुळे चूक व्हायला वाव नाही. महाग आहे, आधी आरक्षण लागतं. जमत नसेल तर गावातल्या एखाद्या साध्या याकिनिकुच्या दुकानात आतडी खा. तिथले लोक गोडसर मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) सॉसबरोबर ती आवडीने खातात, आणि खर्च निम्म्याहून कमी.

*ओमी.* शिगा प्रांत, क्योतोहून ओमी-हाचिमानला लोकल गाडीने पाऊणएक तास. मांसाहार निषिद्ध मानला जात होता त्या एदो काळातही (१६०३ ते १८६८) इथल्या हिकोने संस्थानातून मिसोत मुरवलेलं गोमांस औषध म्हणून शोगुनकडे, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाकडे, जात असे. क्योतोतच राहायचं असेल तर १८७३ पासूनची मिशिमा-तेई आहे.

*हिदा.* गिफूतलं ताकायामा. बसून जेवायला वेळ नसलेल्यांनी इथे जावं. सान्माची या जुन्या गल्लीत तांदळाच्या कुरकुरीत सेन्बेईवर हिदा-ग्यूच्या दोन सुशी ठेवून देतात, वरून ज्योत फिरवलेली. ताटलीसकट खायचं. होबा मिसो, म्हणजे वाळल्या पानावर मिसो पसरून त्यावर मांस शिजवणं, हाही इथलाच थाट.

*योनेझावा.* तोक्योहून शिन्कान्सेनने दोनेक तास. स्टेशनवर ‘ग्यूनिकु दोमान्नाका’ हा डबा मिळतो: भातावर गोडसर खिमा आणि शिजवलेले काप. परतीच्या गाडीत याहून बरं काही नाही.

*आसो, कुमामोतो.* जाळीचा कंटाळा आलेल्यांसाठी. ज्वालामुखीच्या कुरणांवर चरणारी तांबडी अकाउशी, चरबी कमी आणि मांसाला चव. उचिनोमाकी गावात अकाउशी-दोन (‘दोन’ म्हणजे भाताचा वाडगा), भातावर अर्धवट भाजलेले काप आणि अंडं, यासाठी रांगा लागतात. आमच्या मते दोन दिवस कोबे-मात्सुसाका करून झाल्यावर जिभेला खरी गरज याचीच असते.

मियाझाकी आणि कागोशिमा हे मोठे उत्पादक. दर पाच वर्षांनी भरणाऱ्या वाग्यूच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंतप्रधान पुरस्कार मियाझाकीने २००७, २०१२ आणि २०१७ असा सलग घेतला. त्यांचं मांस तोक्योत सहज मिळतं, त्यासाठी तिथवर जायची गरज नाही. सेन्दाईची जीभ प्रसिद्ध आहे खरी, पण ती बहुतांश आयात मांसाची असते. वाग्यू समजून जाऊ नका.

मेनू आणि पैसे

दुपारी जा. त्याच तव्यावर, त्याच आचाऱ्याकडे दुपारचा बेत रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि रात्री लागणारी दहा टक्के सेवा-आकारणी बऱ्याच ठिकाणी दुपारी नसते. दर करासकट आहे का पाहा, नाहीतर दहा टक्के वर. टिप देऊ नका, परत करतात.

दराखाली ग्रॅम लिहिलेले असतात. नसतील तर ‘नान् गुरामु देसु का?’ असं विचारा. दोघांत एक रिब-रोसू किंवा सारोइन (पाठीकडचे दाट जाळीचे भाग) १०० ग्रॅम आणि एक अकामी १०० ग्रॅम मागवलं तर तुलनाही होते आणि पोटही राहतं. अकामी म्हणजे कमी चरबीचा भाग: राम्पु, इचिबो, शिन्शिन्. स्टेकबरोबर भात, लसणाच्या कुरकुरीत चकत्या, मीठ आणि वासाबी येतं. वासाबी भरपूर लावा. चरबीमुळे तिचा झणका बोथट होतो, नाकात जाणार नाही. बर्फाचं पाणी मागवू नका. ही चरबी गारठ्याने टाळूवर थिजते. गरम चहा घ्या.

याकिनिकुच्या जाळीवर

इथे शिजवणारे तुम्हीच, म्हणून चुकाही तुमच्याच. क्रम पाळा: आधी मिठातली जीभ, लिंबू पिळून, मग अकामी, मग कारुबी (बरगडीकडचं) आणि रोसू (पाठीकडचं) सॉसमधले, आतडी शेवटी. सॉसमधलं आधी टाकलं तर साखर जाळीला करपून चिकटते आणि पुढच्या सगळ्याला कडू वास लागतो. जाळी काळी पडली की बदलून मागा, ‘आमी कोकान ओनेगाई शिमासु’. पैसे सहसा लागत नाहीत.

पातळ काप जाळीवर पसरला की कडा वळेपर्यंत थांबा, वर रसाचे थेंब दिसले की एकदाच उलटा, पाच-सात सेकंदांत उचला. चार-पाच तुकड्यांहून जास्त एका वेळी नको. कारुबीची चरबी निखाऱ्यात पडून भडका उडाला तर घाबरून पाणी ओतू नका, राख उडते. तुकडे कडेला सरका आणि बर्फाचा खडा जाळीवर ठेवा. वाटीत बर्फ मागितला की देतात. कच्चं उचलायचा चिमटा वेगळा आणि खायच्या काड्या वेगळ्या. याबाबत जपानी लोक गंभीर असतात, आणि त्याला कारण आहे: २०११ मध्ये कच्च्या गोमांसातून झालेल्या विषबाधेत माणसं दगावली. त्यानंतर कच्च्या मांसाचे नियम आवळले गेले आणि २०१२ पासून कच्ची कलेजी विकायलाच बंदी आहे.

मेनूवर मिसुजी दिसली तर घ्या. खांद्याच्या पात्याखालचा छोटा भाग, मधोमध एक पांढरी शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पानासारखी जाळी. झाबुतोन, म्हणजे बसायची चौकोनी गादी, हाही खांद्याकडचाच. एका जनावरात थोडासाच निघतो.

घरी करायचं झालं तर

तोक्योतल्या निशि-कासाईत राहणाऱ्या मराठी घरांना हे रोजच्या सुपरमार्केटमध्ये मिळतं. संध्याकाळी उशिरा ‘हान्गाकु’, म्हणजे अर्ध्या किमतीची चिठ्ठी लागते तेव्हा गेलं तर खिशाला परवडतं. शेजारी पांढऱ्या चरबीचे छोटे ठोकळे, ग्यूशी, बऱ्याचदा फुकट ठेवलेले असतात. एक उचला, तेल लागणार नाही.

स्टेक, दोघांसाठी: दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचा २०० ग्रॅमचा तुकडा.

१. गोठवलेलं असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण एक दिवस ठेवून बर्फ उतरवा. बाहेर किंवा गरम पाण्यात बर्फ उतरवला की लाल पाणी सुटतं आणि चव त्याच्याबरोबर जाते.
२. भाजण्याआधी बाहेर १५-२० मिनिटंच. जास्त ठेवलं की चरबी ओट्यावरच पाघळते.
३. कागदाने टिपून कोरडं करा. मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी, एका बाजूला दोन चिमटी. मिरपूड नंतर, नाहीतर करपते.
४. बिडाचा तवा मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर. ग्यूशी फिरवा, हलका धूर दिसला की तुकडा ठेवा. सव्वा मिनिट; उलटा; एक मिनिट. सुटलेली चरबी वाटीत काढा, नाहीतर मांस भाजण्याऐवजी तळलं जातं.
५. कडेची चरबी चिमट्याने उभी धरून २० सेकंद.
६. तारेच्या जाळीवर तीन मिनिटं विसावा, मग तंतूंच्या आडवे बोटभर काप.

आतलं तापमान ५४ ते ५७ अंश हवं. अमेरिकन स्टेकचे शौकीन याला आतून कच्चं ठेवतात आणि मग मेणासारखं लागलं म्हणतात. जाळीतली चरबी वितळलीच नाही तर दुसरं काय होणार? उलट पूर्ण शिजवलं तर बरीचशी चरबी तव्यात राहते. वाटीतल्या चरबीत लसूण परतून कालचा भात टाका, शोयुचा (सोया सॉसचा) एक चमचा. जेवण तिथे संपतं. उरलेली चरबी मोरीत ओतू नका, पाइपात थिजते. कागदात टिपून कचऱ्यात टाका.

सुकियाकी, चौघांसाठी: दोन-तीन मिलिमीटरचे काप ४५० ग्रॅम, एक ठोकळा भाजका तोफू, दोन जपानी कांदापाती, सहा शिताके अळंब्या, शिराताकी शेवयांचं एक पाकीट. तोक्योच्या पद्धतीने शोयु १०० मिली, मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू) १०० मिली, साके (तांदळाची दारू) ५० मिली, साखर तीन मोठे चमचे आणि पाणी १०० मिली एक उकळी आणून ‘वारिशिता’ तयार ठेवतात आणि त्यात सगळं शिजवतात. ओसाका-क्योतोकडे आधी काप ग्यूशीवर परतून थेट साखर आणि शोयु घालतात, पहिला घास तसाच खातात आणि मग भाज्या. चांगलं मांस असेल तर ही दुसरी रीत घ्या. काप गुलाबी असतानाच उचलून फेटलेल्या कच्च्या अंड्यात बुडवतात. जपानी अंडी कच्ची खाण्याच्या हिशोबाने तारीख घालून विकली जातात. दुसऱ्या देशात हा भाग सोडा किंवा पाश्चराइज्ड अंडी घ्या. रस आटून खारट होतो तेव्हा वारिशिता वाढवू नका, पाणी किंवा साके घाला.

शाबू-शाबूला कोम्बु या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पाणी खळखळा उकळू देऊ नका. तळाशी बुडबुडे धरले की आच कमी करा, काप १० सेकंद पाण्यात डुलवा आणि उचला. फेस सतत काढत राहा.

गोव्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना: बीफ रोस्ट, शाकुती यांत वाग्यू वाया जातं. दोन तास मंद आचेवर जाळी विरघळून रस्सा तेलाचा होतो. त्यासाठी साधं कोकुसानच बरं. किरकोळ तुकडे मात्र क्रोकेटला उत्तम. जपानी खाटीकही संध्याकाळी दुकानासमोर ‘कोरोक्के’ तळून विकतोच.

बरोबर कुणी न खाणारं असेल तर

मराठी मंडळींच्या गटात हे बहुधा असतंच. तेप्पान्याकीत भाज्याही त्याच तव्यावर गोमांसाच्या चरबीत परततात, सुकियाकीचं भांडं सगळ्यांचं एक. अशा वेळी वेगळं दुकान गाठावं किंवा आरक्षणातच ‘ग्यूनिकु नाशि दे’ सांगावं. जपानी करीच्या मसाल्याच्या वड्यांतही गोमांसाची चरबी असू शकते. ‘ग्यू’ चं अक्षर ओळखायला शिका: दोन आडव्या रेघा, खालची लांब, त्यांना छेदून जाणारी एक उभी, आणि वर डाव्या कोपऱ्यात छोटी तिरकी फरांटी, एका शिंगासारखी. पाकिटावरच्या घटकांत हे अक्षर दिसलं की ठेवून द्यायचं. शेजारी दुधाचं अक्षर असेल तर ते गाईचं दूध.

विमानतळावर निर्यातीच्या कागदांसह बर्फात बांधलेलं वाग्यू मिळतं. ते सिंगापूर-हाँगकाँगसारख्या ठिकाणी नेता येतं. भारतात गोमांसाच्या आयातीला बंदी आहे आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी, तेव्हा मुंबईच्या विमानात ते पाकीट चढवू नका. नेण्यासारखं शोयु, सान्शो मिरी आणि वासाबीची किसणी आहे.